क्लोन टूलनं फोटो टचिंग : सारखे विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात शाहूपुरीत बसून गेली बरीच वर्षं लग्नाचे अल्बम आणि जुन्या फोटोंचं टचिंग करतोय. रोज कुणाचातरी फोन येतो, कुणी नवीन स्टुडिओ टाकलेला पोरगा असतो, कुणाला घरचाच आज्जा-आज्जीचा फोटो नीट करायचा असतो, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. फोटोशॉप धरून लिहिलंय, बाकीच्या सॉफ्टवेअरचं खाली वेगळं आहे.

क्लोन टूल नेमकं करतंय काय?

एका जागचे पिक्सेल उचलतंय आणि दुसऱ्या जागी जसेच्या तसे ठेवतंय, एवढंच. फोटोशॉपमध्ये एस दाबला की क्लोन स्टॅम्प येतो, आल्ट धरून जिथनं घ्यायचं तिथं क्लिक करायचं, मग आल्ट सोडून जिथं डाग आहे तिथं ब्रश फिरवायचा. लोक म्हणतात "डाग पुसायचा", पण पुसलं काहीच जात नसतंय, आपण शेजारचं आणून वर झाकत असतोय. हे एकदा डोक्यात बसलं की सगळं लक्ष आपोआप "कुठनं घेऊ" ह्याच्यावर जातं, आणि खरं टचिंग तिथंच आहे. ब्रश फिरवायला कुणालाही एका दिवसात येतंय, सोर्स, म्हंजे जिथनं घ्यायचं ती जागा, निवडायला वेळ लागतो.

मग हीलिंग ब्रश, पॅच, स्पॉट हीलिंग कशाला? कुठं काय वापरायचं?

हीलिंग ब्रश २००२ साली फोटोशॉप ७ मध्ये आला. तो सोर्सचं टेक्स्चर, म्हंजे पोत, घेतो, पण रंग आणि उजेड डागाच्या आजूबाजूचा धरून मिसळवतो. त्यामुळं गाल, कपाळ, आभाळ, भिंत असल्या मोकळ्या जागी तो क्लोनपेक्षा भारी चालतो. पण कडेला गेला की घाण करतोय. कपाळावरचा डाग केसांच्या अगदी जवळ असेल आणि तिथं हीलिंग मारलं तर केसांचा काळा रंग कपाळात पसरतो, मळकट ढगासारखा. नवीन पोरांच्या कामात ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते. कडेजवळ क्लोन, मोकळ्या जागी हीलिंग, एवढं धरून चाला.

कडेला हीलिंगच पाहिजे असेल तर आधी लासोनं (हातानं रेघ ओढून निवडायचं टूल) फक्त कपाळाची बाजू सिलेक्ट करा, एक पिक्सेल फेदर द्या, म्हंजे कड जराशी मऊ करा, आणि सिलेक्शनच्या आत काम करा. बारीक धुळीचे ठिपके असतील तर स्पॉट हीलिंग, एक एक क्लिक मारत जायचं. मोठा तुकडा असेल तर पॅच (खराब भाग निवडून चांगल्या जागेवर ओढायचा), नाहीतर कंटेंट अवेअर फिल (सॉफ्टवेअर आजूबाजूचं बघून स्वतःच भरतं), हे २०१० ला सीएस ५ मध्ये आलं.

मी क्लोन केलं की लगेच कळतंय. का?

नव्वद टक्के वेळा सोर्स चुकलेला असतोय. तीन गोष्टी बघायच्या.

एक म्हणजे उजेड. फोटोत उजेड डावीकडनं येत असेल तर डावा गाल उजळ आणि उजवा जरा गडद असतो, दिसायला दोन्ही "गालच" आहेत पण उजवीकडचं घेऊन डावीकडं लावलं की ठिगळ दिसणारच. डागापासनं आडवं सरकायचं का उभं हे उजेड बघून ठरवायचं, म्हंजे आभाळ वरनं खाली फिकं होत जातं, तर आभाळात सोर्स त्याच उंचीवर डाव्या-उजव्या बाजूला घ्यायचा, वर-खाली घ्यायचा नाही.

दुसरं फोकस. मागची धूसर झाडी आणि पुढची स्पष्ट झाडी, हिरवी दोन्ही, पण एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

तिसरं रिपीट. एकाच जागेवरनं पाच-सहा वेळा घेतलं की तेच दगड, तीच पानं, तेच ढग परत परत दिसाय लागतात. पन्हाळ्याच्या तटबंदीच्या फोटोतनं माणसं काढून दिली होती एकाला, त्यात एक काळ्या शेवाळाचा दगड चार ठिकाणी आलेला, मला दोन दिवस दिसलाच नाही कारण मी सारखा दोनशे टक्के झूम करून बसलेलो. तेव्हापासनं दर पाच-दहा मिनिटांनी झूम आऊट करून पंचवीस टक्क्यावर बघतोय आणि एकदा फोटो आडवा फ्लिप करून बघतोय. फ्लिप केला की डोळ्याला फोटो नवीन वाटतो आणि ठिगळं लगेच वर येतात. दर दोन-तीन स्ट्रोकनंतर नवीन जागी आल्ट-क्लिक करायची सवय लावा.

अलाइन्ड चालू ठेवायचं का बंद?

चालू असलं की ब्रश कितीदाही उचलला तरी सोर्स आणि ब्रश ह्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं, बंद असलं की प्रत्येक स्ट्रोक परत पहिल्या जागेपासनं सुरू होतो. माझं बहुतेक वेळा चालूच असतं. पण समजा चांगला असा भिंतीचा एकच छोटा तुकडा शिल्लक आहे आणि तेवढ्यावरच सगळं भरायचंय, तर बंद करून घ्या.

ब्रश सॉफ्ट का हार्ड? ओपॅसिटी किती?

इथं एक गोष्ट बऱ्याच जणांना कुणी सांगत नाही. सगळे सॉफ्ट, म्हंजे मऊ कडेचा, ब्रश आणि तीस टक्के ओपॅसिटी (वरचं किती दाट बसतं ते) ठेवून हळूहळू घासत बसतात कारण ते सेफ वाटतं. होतं काय की अर्धं जुनं आणि अर्धं नवीन एकमेकांत मिसळतं, दोन्हीकडच्या ग्रेनची सरासरी होते आणि ती जागा गुळगुळीत, लोणी लावल्यासारखी होते. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोत तर हे लांबनं कळतंय कारण बाकी सगळीकडं दाणा आहे आणि तिथंच नाही. टेक्स्चर असेल तिथं ओपॅसिटी शंभर, हार्डनेस पन्नास ते सत्तर, ब्रश डागापेक्षा जरासाच मोठा, आणि छोटे छोटे टिचके. कमी ओपॅसिटी फक्त सावल्या हलक्या करायला, उदाहरणार्थ डोळ्याखालची काळी वर्तुळं.

जागा गुळगुळीत झालीच असेल तर तेवढ्यावर थोडा नॉइज टाकून दाणा परत आणता येतोय, पण मुळात घालवूच नका.

सरळ बॅकग्राउंड लेयरवर काम केलं तर काय बिघडतंय?

परत मागं येता येत नाही. वर एक रिकामा लेयर घ्या, फोटोवर ठेवलेला पारदर्शक कागदच समजा, टूलच्या पट्टीत सॅम्पलला करंट अँड बिलो करा आणि सगळं क्लोनिंग त्या रिकाम्या लेयरवर करा. चुकलं तर तेवढंच इरेझरनं पुसायचं, खालचा फोटो जसाच्या तसा राहतो. पॅच टूल मात्र नॉर्मल मोडमध्ये रिकाम्या लेयरवर चालत नाही, त्याला कंटेंट अवेअर मोड लागतो.

वर उजेड-रंग बदलणारा कर्व्हज किंवा लेव्हल्सचा ॲडजस्टमेंट लेयर असेल आणि सॅम्पल ऑल लेयर्सवर असेल तर क्लोन केलेली जागा जास्तच उजळ किंवा गडद येते, कारण ॲडजस्टमेंट दोनदा लागते. लोक ह्याच्यावर अर्धा अर्धा दिवस डोकं खाजवत बसतात. सॅम्पलच्या शेजारी गोलावर तिरकी रेघ असलेलं बटण आहे, ते दाबलं की ॲडजस्टमेंट लेयर सोडून सॅम्पल घेतंय. नाहीतर करंट अँड बिलो ठेवा, प्रश्नच येत नाही.

एका फोटोला तीन तास जातात. स्पीड कसा वाढवायचा?

दोन्ही हात कामाला लावा. उजवा हात माऊसवर, डावा कीबोर्डवर, मेनूत जायचंच नाही. चौकटी कंसाच्या दोन कीजनी ब्रश लहान-मोठा होतो, शिफ्ट धरून त्याच कीज दाबल्या तर हार्डनेस बदलतो. विंडोजवर आल्ट आणि राइट क्लिक धरून ओढलं की आडवं साइज आणि उभं हार्डनेस, हे सगळ्यात फास्ट. नंबर दाबला की ओपॅसिटी, ५ म्हणजे पन्नास, ० म्हणजे शंभर. स्पेसबार धरून फोटो सरकवायचा. ब्रशचा गोल अचानक गायब होऊन नुसतं अधिकचं चिन्ह दिसाय लागलं तर घाबरू नका, कॅप्स लॉक चालू झालाय.

ह्याहून मोठी गोष्ट म्हणजे क्रम. आधी क्रॉप करा, जे कापूनच टाकायचंय ते साफ करत बसू नका. मग मोठं काम, म्हंजे माणूस काढणं, फाटलेला भाग भरणं. मग मधले डाग. बारीक ठिपके सगळ्यात शेवटी, कारण मोठं काम करताना त्यातले निम्मे आपोआप झाकले जातात. आणि प्रिंट किती साइजची आहे ते आधी विचारा. चार बाय सहाची प्रिंट असेल तर चारशे टक्के झूम करून दिसणारा ठिपका कागदावर कुणालाच दिसणार नाही.

पेन टॅबलेट घेतला तर मनगट वाचतंय. रोज पाच-सहा तास हेच काम असेल तर घ्याच.

२०१९ च्या पुरात फोटो भिजलेत, काही होईल का?

बरंच काही होतं. २०१९ चा ऑगस्ट आणि मग २०२१ चा जुलै, दोन्ही वेळेला पंचगंगेचं पाणी उतरल्यावर लोक पिशव्या भरून अल्बम घेऊन आले होते, अजूनही येतात.

पहिलं फोटोबद्दल, कॉम्प्युटर नंतर. फोटोच्या वरचा थर जिलेटिनचा असतो, तो पाण्यानं फुगतो आणि वाळताना ज्याला टेकलाय त्याला चिकटतो. म्हणून पुढं कधी भिजले तर चिकटलेले फोटो ओढून काढू नका, स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळू सुटे करा, चेहऱ्याच्या बाजूला बोट लावू नका आणि तोंड वर करून सावलीत वाळवा. फ्रेमच्या काचेला चिकटून वाळलेला असेल तर तसाच राहू द्या, काचेतनंच स्कॅन करायचा. त्यासाठी सीसीडीचा जाड स्कॅनर लागतो, पातळ स्कॅनरमध्ये काचेच्या जाडीएवढं अंतर पडलं तरी फोटो धूसर येतोय. नसेल तर कॅमेऱ्यानं काढा, दोन्ही बाजूनी पंचेचाळीस अंशात लाइट लावून, म्हंजे काचेत चमक येत नाही.

स्कॅन सहाशे डीपीआयला, म्हंजे एका इंचात सहाशे ठिपके. चार बाय सहाचा फोटो २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो, तेवढा बास. पासपोर्ट साइज असेल तर बाराशे.

आता क्लोन. पांढऱ्या भेगा असतील तर क्लोन स्टॅम्पचा मोड डार्कन करा. मग सोर्सपेक्षा जे उजळ आहे तेवढंच झाकलं जातं, म्हंजे भेग जाते आणि भेगेच्या आजूबाजूचा फोटो हलत नाही. काळे डाग असतील तर उलटं, लायटन. एवढ्या एका गोष्टीनं माझा भेगांचा वेळ निम्म्यावर आला.

चेहऱ्याचा अर्धा भागच गेलाय, तो करता येतो का?

येतो, पण विचारून करायचा. त्या पुरानंतर महिन्याभरानं चिखलीच्या एक आज्जी नातवाला घेऊन आल्या. आज्ज्याचा एकच फोटो, फेटा बांधलेला, काचेला चिकटलेला, आणि उजव्या बाजूचा गाल आणि अर्धी मिशी पाण्यानं वाहून गेलेली. मी क्लोन सोर्सच्या पॅनलमध्ये जाऊन आडवं फ्लिप केलं, डावीकडची मिशी उजवीकडं आणली, गाल हीलिंगनं भरला, सावली बरोबर बसवली. माझ्या मते झकास झालेलं. आज्जींनी चष्मा लावला, स्क्रीनजवळ आल्या, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "तोंड बरोबर हाय बाळा, पण मिशी ह्यांची न्हवं. उजवा आकडा कायम खाली पडायचा ह्यांचा, पीळच बसायचा न्हाई त्याला."

मग त्यांना शेजारी खुर्चीवर बसवलं. क्लोन सोर्समध्ये फिरवायचा अँगल असतोय, तो एक एक अंशानं बदलत गेलो, जाडी जरा कमी केली, टोकाचे चार केस मोकळे सोडले. एका जागी त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, "बास, आता हेच." नातू पलीकडं तोंड करून उभा राहिला होता.

तेव्हापासनं नियमच केलाय, चेहऱ्याचं काही गेलं असेल तर ज्यांनी त्या माणसाला बघितलंय त्यांना शेजारी बसवल्याशिवाय फायनल करत नाही. ते नसतील तर दुसरा कुठलातरी फोटो मागतो, भावाचा चालतो, मुलाचाही चालतो. दुसरी फाइल उघडी असली की तिच्यातनं सरळ आल्ट-क्लिक करून ह्या फोटोत क्लोन करता येतंय, दोन्हीचा कलर मोड एकच पाहिजे एवढंच.

रंकाळ्याच्या संध्याकाळच्या फोटोतनं वायरी आणि कचरा कसा काढायचा?

वायर आभाळात असेल तर स्पॉट हीलिंगचा ब्रश वायरीपेक्षा थोडा जाड करा, एका टोकाला क्लिक, दुसऱ्या टोकाला शिफ्ट-क्लिक, सरळ रेघ जाते. वायरीला झोळ असतो म्हणून तुकड्या तुकड्यानं मारा. शालिनी पॅलेसच्या टॉवरला जिथं वायर टेकते तिथं आधीच थांबा आणि तेवढं क्लोननं हार्ड ब्रशनं करा.

पाण्यातली बाटली काढली तर तिचं प्रतिबिंबपण काढा. हे सांगायला लागतंय कारण विसरतातच.

साडीचा काठ आणि दागिने?

अवघड काम. जरीचा काठ म्हणजे ठरावीक अंतरानं परत येणारी नक्षी, तर सोर्स बरोबर त्याच नक्षीच्या त्याच टोकावर घ्यायचा, म्हंजे कोयरीचं टोक असेल तर दुसऱ्या कोयरीचं टोकच. काठ वळलेला असतो म्हणून क्लोन सोर्समध्ये अँगल आणि साइज थोडा बदलून घ्या, ब्रशच्या आत प्रीव्ह्यू दिसतो, तो जुळला की मगच क्लिक. फरशी किंवा भिंत तिरकी लांब जात असेल तर व्हॅनिशिंग पॉइंट फिल्टर बघा, तो पर्स्पेक्टिव्ह धरून क्लोन करतो.

कोल्हापुरी साजावर फ्लॅश पडून एखादं पान पांढरं झालं असेल तर शेजारचं पान आणून लावू नका, साजातल्या प्रत्येक पानाचा आकार वेगळा असतो, मासा असतो, चंद्र असतो, आणि घरातल्या बायका ते लगेच ओळखतात. त्याच लग्नातला दुसरा फोटो शोधा, त्यातनं तेच पान घ्या.

जोतिबाच्या यात्रेत काढलेल्या फोटोत तोंडावर गुलाल आहे, क्लोन करू का?

नको. गुलाल हा रंगाचा प्रश्न आहे, खालची स्किन शाबूत असते. वर नवीन लेयर घ्या, ब्लेंडिंग मोड कलर, मान किंवा कानाजवळचा स्वच्छ रंग उचला आणि हलक्या ब्रशनं फिरवा. तरी मी म्हणतो, चैत्र यात्रेचा फोटो असेल तर राहू दे की गुलाल.

स्किन किती साफ करायची?

दोन आठवड्यात जाणारं असेल ते काढा, पिंपल, खरचटलेलं, उन्हाचा चट्टा. कायमचं असेल ते ठेवा, तीळ, जुना व्रण, खळी. एका नवरीच्या हनुवटीवरचा तीळ मी डाग समजून काढला होता, सगळ्या अल्बमभर, आणि तिच्या आईनं पहिलं पान उघडल्या उघडल्या विचारलं. पुढचे दोन दिवस ते परत आणण्यात गेले. आता काम घेतानाच विचारून कागदावर लिहून ठेवतो.

आमच्याकडं जुने लोक ह्याला अजून टचिंगच म्हणतात. निगेटिव्हवर मीडियम चोळून, मागनं उजेड देऊन, टोकदार पेन्सिलीनं एक एक सुरकुती हलकी करायचे. सुरकुती पूर्ण घालवायचे नाहीत, आणि त्यांचे पोर्ट्रेट बघा, माणूस माणूस दिसतो.

आता एआय आहे, एका क्लिकवर होतंय, मग हे शिकायचं कशाला?

जनरेटिव्ह फिल २०२३ पासनं आहे आणि मी वापरतो. मागची गर्दी काढायला, फोटोची बाजू वाढवायला, तुटलेला पडदा भरायला चांगलं आहे. चेहऱ्याला अजिबात लावत नाही. ते त्या माणसाचा चेहरा परत आणत नाही, कुणाचातरी पटेल असा चेहरा तयार करून बसवतं. डोळे एकदम क्लिअर येतात, लोक खूश होतात, आणि घरी गेल्यावर आत्या म्हणते हा दादा वाटत नाही. क्लोननं निदान जे काही लावलंय ते खऱ्या फोटोतलं असतं. शिवाय एआयनं भरलेल्या जागेचा ग्रेन जुळत नाही, तो शेवटी हातानंच जुळवावा लागतो.

फोटोशॉप परवडत नाही, दुसरं काय?

फोटोपिया ब्राउजरमध्ये फुकट चालतंय, दिसायला फोटोशॉपसारखंच आहे आणि शॉर्टकटपण बहुतेक तेच. गिम्पसुद्धा फुकट, त्यात क्लोनला सी, हीलला एच, आणि सोर्स घ्यायला आल्टऐवजी कंट्रोल-क्लिक. रिकाम्या लेयरवर काम करायचं तर सॅम्पल मर्ज्डची खूण चालू करा, नाहीतर ब्रशमधनं काहीच उमटत नाही आणि लोकांना वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं. गिम्पमध्ये पर्स्पेक्टिव्ह क्लोन वेगळा आहे, फरशीला भारी.

मोबाइलवर स्नॅपसीडचं हीलिंग एखाद्या डागापुरतं ठीक. सोर्स आपण निवडायचा नसतोय, म्हणून पुढं जाता येत नाही.

पेपरला किंवा कागदपत्राला लावायच्या फोटोत क्लोन चालतंय का?

नाही. २००६ साली लेबनॉनच्या युद्धात बैरुतवरच्या धुराचा एक फोटो रॉयटर्सनं दिला होता, त्यात फ्रीलान्स फोटोग्राफरनं क्लोन करून धूर वाढवला होता. धुराचे तेच गोळे परत परत आलेत हे लोकांनी घरी बसून ओळखलं, आणि रॉयटर्सनं त्या माणसाचे सगळे ९२० फोटो काढून टाकले. बातमीच्या फोटोत सेन्सरवरची धूळ काढा, बाकी काही नाही. अपघाताचे, विम्याचे, कोर्टाला द्यायचे फोटो कुणी कितीही ओळखीचा असला तरी मी घेत नाही. पासपोर्टच्या फोटोतला व्रण किंवा तीळपण काढायचा नसतो.

झालेलं काम कसं द्यायचं?

लेयरसकट पीएसडी (फोटोशॉपची मूळ फाइल) तुमच्याकडं ठेवा, वर्षभर तरी, कारण "जरा मिशी खाली करा" म्हणणारं कुणीतरी येतंच. गिऱ्हाइकाला प्रिंट आणि फुल साइज जेपेग. व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो म्हणून पाठवला की साइज कमी होतंय आणि मग तेच कुणीतरी फ्लेक्सवर मोठं करतंय. आणि मूळ फोटो परत देताना साध्या पाकिटात घालू नका, ॲसिड फ्री कागदात गुंडाळा, काचेवर असेल तर दोन्ही बाजूला पुठ्ठा लावा, आणि जमिनीलगतच्या कपाटात ठेवू नका, वरच्या फळीवर ठेवा म्हणून तोंडी सांगा. चिखलीच्या आज्जींचा फोटो आता त्यांच्या माडीवर आहे.